वरळीच्या घुमटात आकाश कसं मावतं?

तारांगणातला खेळ सुरू होतो तो सूर्यास्तानं. खुर्ची मागे कलते, घुमटाच्या कडेला इमारतींची काळी रेघ उरते आणि पश्चिमेचा तांबूस उजेड हळूहळू उतरत जातो. आजूबाजूची मुलं नेमकी याच वेळी चुळबुळ करतात. ‘आई, तारे कधी येणार?’ असं कुजबुजत विचारणारं एखादं मूल प्रत्येक खेळाला असतंच. पण ही मिनिटं वाया जात नसतात. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायची असते.

आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशींना रंग कळत नाहीत, पण अगदी मंद उजेडही त्या टिपतात. अडचण अशी, की लख्ख उजेडात दंडपेशींमधलं रसायन विरून जातं आणि ते पुन्हा पुरतं भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तारांगणाला इतका वेळ परवडत नाही, म्हणून ते संध्याकाळ जमेल तेवढी लांबवतं. मधेच कुणी मोबाईल उघडला, की त्याच्या आणि शेजारच्या चार जणांच्या डोळ्यांनी कमावलेला अंधार गेलाच. मोबाईल बंद ठेवा असं निवेदक सांगतात त्यामागे हे कारण आहे.

वरळीच्या नेहरू तारांगणात मी पहिल्यांदा गेलो तो आठवीत, डोंबिवलीहून शाळेच्या सहलीबरोबर. नंतर किती वेळा गेलो ते मोजलेलं नाही. ‘तिथे असतं काय?’ असं विचारलं, की बहुतेक जण सांगतात, ‘अंतराळावरचा पिक्चर दाखवतात.’ हे उत्तर मला फार अपुरं वाटतं. पिक्चर आधी कुणीतरी चित्रित करून ठेवलेला असतो. तारांगणातलं आकाश मात्र हिशेब करून मांडलेलं असतं. तारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा. त्या गावचं त्या क्षणीचं आकाश डोक्यावर येतं. ६ जून १६७४ च्या पहाटे रायगडावरून कोणते तारे दिसत होते, हेही तिथे पाहता येतं. त्या पहाटेचा फोटो कुणी काढलेला नाही, तरी ते आकाश चुकत नाही. हे कसं जमतं, ते समजून घेण्यासारखं आहे.

सगळा खेळ कोनांचा

आकाशाकडे पाहताना आपल्या डोळ्यांना अंतर कळत नाही, फक्त दिशा कळते. हिवाळ्यात डोक्यावर येणारी रोहिणी आणि तिच्या शेजारचा कृत्तिकांचा पुंजका शेजारी राहणाऱ्या बहिणींसारखे दिसतात. प्रत्यक्षात रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर. एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो तेवढं, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. इतका मोठा फरक असूनही डोळ्याला तो जाणवत नाही. तारा कुठे आहे हे सांगायला दोन कोन पुरतात: कोणत्या दिशेला, आणि क्षितिजापासून किती वर.

घुमटाची किल्ली हीच. घुमट लहान असो की मोठा, मध्यभागी बसलेल्या माणसाला दिशा बरोबर मिळाल्या, की आकाश बरोबर मिळतं. सगळं विश्व आत आणायची गरज नाही. त्याचे कोन आणले की पुरे. म्हणूनच कडेच्या खुर्चीवरून नक्षत्रं थोडी ताणलेली दिसतात. जागा निवडायची सोय असेल तर मधल्या भागात, जरा मागे बसावं.

कोन मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ वळा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश व्यापते. करंगळीची रुंदी एक अंश. लहान मुलाचा हात लहान असतो तशी मूठही लहान असते, त्यामुळे हे माप लहानथोर सगळ्यांना लागू पडतं.

आता मुंबईच्या एखाद्या गच्चीवर उभे राहा आणि उत्तरेला तोंड करा. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंश वर, म्हणजे दोन मुठींना किंचित कमी. तुम्ही ज्या अक्षांशावर, तेवढाच ध्रुव वर. श्रीनगरला तो ३४ अंश वर दिसतो, कन्याकुमारीला आठच अंश. आता पाठ फिरवून दक्षिणेला बघा. फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनऊला तिथे एक ठळक तारा असतो, अगस्ती. मुंबईहून तो जास्तीत जास्त १८ अंश वर येतो. म्हणजे आपल्या शहरातून उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात. हे मला पहिल्यांदा तारांगणात कळलं, आणि त्या दिवशी घरी येऊन मी वहीत गणित करून ते ताडून पाहिलं. दिल्लीहून हाच अगस्ती जेमतेम नऊ अंश वर येतो, लंडनहून तर कधीच उगवत नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या ऋषींचं नाव याच ताऱ्याला मिळालं, ते उत्तरेत राहणाऱ्या लोकांनी दक्षिणेचं आकाश किती लक्षपूर्वक पाहिलं होतं याची खूण वाटते.

काळ्या मुंगीसारखं यंत्र

माझ्या शाळेच्या सहलीच्या वेळी सभागृहाच्या मधोमध एक अवाढव्य काळं यंत्र होतं. दोन टोकांना दोन गोळे, मध्ये पिंजऱ्यासारखी कंबर, खाली पाय. लांबून पाहिलं तर मोठी मुंगीच. ते जर्मनीच्या कार्ल झाइस कंपनीचं यंत्र. नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालं आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ या मुंगीनंच मुंबईला तारे दाखवले.

या यंत्राची जन्मकथा सांगायलाच हवी. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना आकाश दाखवणारं काहीतरी हवं होतं. पहिली कल्पना अशी, की लोखंडी पत्र्याचा प्रचंड गोळा करायचा, त्याला ताऱ्यांची भोकं पाडायची, लोकांना आत बसवायचं आणि गोळा फिरवायचा. झाइसमधले अभियंते वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी हा विचार उलटा केला. घुमट स्थिर ठेवू, मधोमध एक छोटं यंत्र ठेवू आणि त्यातून घुमटावर उजेडाचे ठिपके पाडू. घुमट फिरवण्याऐवजी उजेड फिरवायचा. ऑक्टोबर १९२३ मध्ये म्युनिकला त्यांनी हे यंत्र दाखवलं. त्यात सुमारे साडेचार हजार तारे होते आणि आकाश फक्त म्युनिकचं होतं. कोणत्याही गावचं आकाश दाखवणारं, दोन गोळ्यांचं यंत्र त्यानंतर आलं. आपल्याकडे १९५४ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. एका शाळेनं हे करावं, याचं मला फार अप्रूप आहे.

मुंगीचं पोट आतून साधं असतं. गोळ्याच्या मध्यभागी प्रखर दिवा. गोळ्यावर सगळीकडे बसवलेल्या भिंगांच्या मागे धातूच्या पातळ चकत्या, आणि चकत्यांना सुईच्या टोकाहून बारीक भोकं. तारा ठळक असेल तर भोक मोठं, मंद असेल तर लहान. एक गोळा उत्तरेचे तारे टाकतो, दुसरा दक्षिणेचे. सगळं यंत्र एका आसाभोवती फिरलं की रात्र पुढे सरकते. दुसऱ्या आसावर कललं की गाव बदलतं: मुंबईहून श्रीनगर, श्रीनगरहून उत्तर ध्रुव.

त्या सहलीत मला एक प्रश्न पडला होता. मावळलेले तारे आपल्या अंगावर का पडत नाहीत? गोळा तर सगळीकडेच उजेड फेकतोय. मग क्षितिजाखाली गेलेला तारा समोरच्या माणसाच्या शर्टावर दिसायला हवा. उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं आणि त्यातल्या हुशारीनं मी थक्क झालो. प्रत्येक भिंगापुढे एक पापणी असते, वजन लावलेली. यंत्र फिरता फिरता भिंग क्षितिजाखाली वळलं, की पापणी आपल्याच वजनानं मिटते. वर आलं की उघडते. वीज नाही, मोटर नाही. गुरुत्वाकर्षणच तारे मावळवतं.

वक्री मंगळ आणि मंगळयान

मुंगीच्या कंबरेतल्या पिंजऱ्यात ग्रह राहतात, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रात बुद्धीची कमाल तिथेच आहे.

‘मंगळ वक्री’ हे शब्द आपण पंचांगात वाचतो. एरवी मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. पण साधारण २६ महिन्यांतून एकदा तो थांबतो, दोन-अडीच महिने उलटा चालतो, पुन्हा थांबतो आणि मग सरळ मार्गाला लागतो. मंगळ खरोखर कधीच उलटा फिरत नाही. दादरहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये खिडकीशी बसा. शेजारच्या रुळावर स्लो लोकल त्याच दिशेनं जातेय. तुमची गाडी तिला गाठून पुढे जाते तेव्हा दूरच्या इमारतींच्या पार्श्वभूमीवर ती मागे जाताना दिसते. पृथ्वी ही आतल्या रुळावरची फास्ट लोकल, सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. मंगळ बाहेरच्या रुळावरची स्लो, सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर. दूरच्या इमारती म्हणजे तारे.

झाइसच्या यंत्रात मंगळाला ‘आता वक्री हो’ असं कुणी सांगत नाही. एकाच मध्याभोवती दोन दातेरी चाकं असतात, एक पृथ्वीचं, एक मंगळाचं. त्यांच्या दात्यांचं प्रमाण असं बेतलेलं, की पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांची तर मंगळाची ६८७ दिवसांची. दोन्ही चाकांवर एकेक खुंटी, आणि पृथ्वीच्या खुंटीपासून मंगळाच्या खुंटीकडे जाणारा एक दांडा. दांडा ज्या दिशेला रोखलेला, त्या दिशेला मंगळाचा दिवा उजेड टाकतो. चाकं फिरत राहतात, दांडा वळत राहतो, आणि पृथ्वीची खुंटी मंगळाच्या खुंटीला मागे टाकते तेव्हा घुमटावरचा तांबडा ठिपका आपोआप मागे फिरतो. पंचांगकर्ते हजारो वर्षं जी गती मोजत आले, ती दोन चाकं आणि एका दांड्यात उलगडते.

याच भूमितीवर अंतराळयानांचं वेळापत्रक ठरतं. मंगळाकडे जायचं तर आज तो जिथे आहे तिकडे नेम धरून चालत नाही. यान पोचेपर्यंत काही महिने लागणार, तोवर मंगळ पुढे गेलेला असणार. म्हणून मंगळ पृथ्वीच्या पुढे असताना, पृथ्वी त्याला गाठण्याच्या काही महिने आधी निघावं लागतं. भारताचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पृथ्वीभोवतीची कक्षा सोडून मंगळाच्या वाटेला लागलं. एप्रिल २०१४ मध्ये पृथ्वीनं मंगळाला गाठलं आणि त्या सुमाराला मंगळ पंचांगात वक्री होता. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. ही संधी हुकली असती तर पुढची आणखी २६ महिन्यांनी. ‘मंगळ वक्री’ आणि ‘मंगळाकडे जायचा मुहूर्त’ या एकाच शर्यतीच्या दोन बाजू आहेत. शाळेच्या पुस्तकात हे दोन धडे कधी शेजारी आले नाहीत. घुमटाखाली मात्र ते एका नजरेत दिसतात.

संक्रांत का सरकते

यंत्राला तिसरा आसही असतो, फार संथ काम करणारा. फिरता भोवरा जसा झुलतो तसा पृथ्वीचा आसही झुलतो, आणि एक झोल पूर्ण व्हायला त्याला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. साधारण ७२ वर्षांत एक अंश. माणसाच्या आयुष्यात हे दिसणं शक्य नाही, तारांगणात मात्र मिनिटभरात दिसतं.

याचा पुरावा आपल्या सणांमध्ये आहे. सूर्य दक्षिण टोकाला पोचून उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. खरं उत्तरायण तिथून. पण मकरसंक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो, कारण ती सूर्य ताऱ्यांच्या मकर राशीत शिरण्यावर ठरते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. मग पृथ्वीचा आस झुलत गेला, आणि दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस असा फरक साचत आज तीन आठवड्यांहून जास्त झाला.

ध्रुवाचंही तसंच. ध्रुवबाळाला अढळपद मिळालं ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. आजचा ध्रुवतारा आकाशाच्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत आहे, म्हणून तो स्थिर वाटतो. पण साडेचार हजार वर्षांपूर्वी, इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते तेव्हा, त्या जागेजवळ कालेय तारकासमूहातला ठुबान होता. आणखी बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित तिथल्या आसपास असेल. घुमटावर हे चक्र फिरताना पाहिलं, की अढळपद हे ताऱ्याचं नसून जागेचं आहे, हे न सांगता कळतं.

मुंगी गेली, संगणक आला

२००३ साली वरळीला झाइसच्या जागी अमेरिकेतल्या इव्हान्स अँड सदरलँड कंपनीची डिजिस्टार-३ ही संगणकीय यंत्रणा आली. आता भोकं नाहीत, चाकं नाहीत, पापण्या नाहीत. संगणकात ताऱ्यांची यादी असते, तो प्रत्येक ताऱ्याचे कोन काढतो आणि प्रोजेक्टर सगळ्या घुमटावर चित्र पसरवतो.

यात काय गेलं आणि काय मिळालं? गेलं ते ठिपक्याचं टोक. झाइसचा तारा सुईच्या टोकासारखा होता. संगणकाचं चित्र चौकोनी टिपक्यांचं बनलेलं असतं. समजा घुमटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, म्हणजे १८० अंशांत, ४००० टिपके बसवले. मग एक टिपका अंशाच्या बाविसाव्या भागाएवढा झाला. आपला डोळा अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचे बारकावे ओळखतो. सप्तर्षींमध्ये वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातलं अंतर अंशाच्या पाचव्या भागाएवढं, म्हणजे अशा घुमटावर चार-पाच टिपके. जोडी दिसते, पण नवरानवरीला दाखवावी तशी लख्ख नाही. झाइसचे तारे पाहिलेल्या माझ्यासारख्यांना त्यांची आठवण येते ती यामुळे.

पण जे मिळालं ते फार मोठं आहे. मुंगीला फक्त कोन ठाऊक होते, त्यामुळे ती पृथ्वी सोडून कुठेही जाऊ शकत नव्हती. संगणकाला अंतरंही ठाऊक असतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या हिप्पार्कस उपग्रहानं १ लाख १८ हजारांहून अधिक ताऱ्यांची अंतरं मोजली आणि १९९७ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१३ मध्ये सुटलेल्या गाया या दुर्बिणीनं १०० कोटींहून जास्त तारे मोजले. मोजायची रीत तुम्ही आत्ता करून पाहू शकता. बोट डोळ्यांसमोर धरा, एकदा उजवा डोळा मिटा, एकदा डावा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसतं. बोट जवळ तर जास्त सरकतं, लांब तर कमी. उपग्रहानं जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा तारा पाहिला, की मधल्या काळात पृथ्वी तीस कोटी किलोमीटर पलीकडे गेलेली असते. तेच दोन डोळे. तारा किती सरकला त्यावरून तो किती लांब ते कळतं.

अंतरं कळली की प्रवास करता येतो. निवेदक यंत्रणेला सांगतात, ‘चला निघू,’ आणि रोहिणी-कृत्तिकांची शेजारीण-जोडी डोळ्यांदेखत फुटते. रोहिणी बाजूनं निघून जाते, कृत्तिका अजून लांबच असतात. मृगाचा आकार मोडतो. नक्षत्रं ही आपल्या खिडकीतून दिसणारी रचना आहे, हे एवढ्या थेटपणे दुसरीकडे कुठेही कळत नाही.

चंद्रयान-३ चा मार्गही असाच बाहेरून पाहता येतो. १४ जुलै २०२३ ला निघालेलं यान २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. अपोलोचे यात्री चार दिवसांत पोचले होते, मग आपल्याला चाळीस दिवस का? कारण आपल्या रॉकेटची ताकद बेताची होती आणि इस्रोनं ती हिशेबानं वापरली. यान लंबवर्तुळात पृथ्वीभोवती फिरत होतं. पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, आणि त्या क्षणी इंजिन चालवलं तर तेवढ्याच इंधनातून जास्तीत जास्त ऊर्जा पदरात पडते. म्हणून दर काही फेऱ्यांनी जवळ आल्यावर एक धक्का. कक्षेचं दूरचं टोक प्रत्येक धक्क्यानं लांब जात गेलं आणि शेवटी चंद्रापर्यंत पोचलं. कागदावर ही वर्तुळं गुंतागुंतीची वाटतात, घुमटावर ती वेढ्यावेढ्यानं उलगडतात.

घुमटाच्या घडणीबद्दलही दोन शब्द. आजचे घुमट पांढरेशुभ्र नसतात, करडे असतात. पांढऱ्या घुमटावर एका बाजूचा उजेड परावर्तित होऊन समोरच्या बाजूवर पडतो आणि तिथला काळोख फिका करतो. शिवाय पत्र्याला असंख्य बारीक भोकं असतात. आवाज त्यातून पलीकडे जातो आणि तिथेच जिरतो, नाहीतर गोल घुमटात निवेदकाचा प्रत्येक शब्द घुमत राहिला असता.

शहरानं हाकललेलं आकाश

तारांगणाची मुंबईला जितकी गरज आहे तितकी कोकणातल्या एखाद्या वाडीला नाही. अंधाऱ्या, निरभ्र जागेवरून नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. मुंबईत स्वच्छ हिवाळी रात्रीही काही डझन. आकाशगंगा तर या शहरातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेलीच नाही.

शहरानं आकाशाला बाहेर काढण्याची ही पहिली वेळ नव्हे. कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होई. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लख्ख स्फोट पाहिला. त्यातून सुटलेलं सौरवादळ अठरा तासांच्या आत पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या नोंदीत चुंबकीय क्षेत्र एकदम सुमारे १६०० नॅनोटेस्लानं कोसळलेलं दिसतं. आजही सौरवादळांचे अभ्यासक मुंबईतल्या त्या आकड्यांकडे वळतात, कारण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ त्या वादळाची अशी नोंद फारशी कुठे नाही. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहानं सुया थरथरणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गोविंद स्वरूप यांनी १९६० च्या दशकात कल्याणजवळ रेडिओ दुर्बीण उभारली. त्यांच्याच पुढाकारानं झालेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण मात्र नारायणगावजवळ खोडदला आहे, शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर.

साध्या डोळ्यांनी तारे पाहणारेही असेच सरकत गेले. खगोल मंडळाची माणसं कर्जत लाईनवर वांगणीला रात्रभराची आकाशदर्शनं करत आली. मी तिथे कुडकुडत पहिल्यांदा आकाशगंगा पाहिली तेव्हा ती मला ओळखता आली, कारण वरळीच्या घुमटात ती आधी दिसलेली होती. माझ्या लेखी तारांगणाचं काम हेच आहे: खऱ्या आकाशाची ओळख करून देणं. म्हणून खेळात चित्रफिती कितीही सुरेख असोत, निवेदक हातातल्या बाणानं आजच्या रात्रीचे तारे दाखवतात तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो मराठी खेळात ऐकावा. व्याध, चित्रा, स्वाती, श्रवण ही नावं कानावर पडली की मुलांना ती परकी वाटत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. वरळीला अशा दोन जागा आहेत आणि टॅक्सीवाले हमखास गोंधळतात. नेहरू तारांगण डॉ. अॅनी बेझंट मार्गावर, नेहरू सेंटरच्या आवारात. नेहरू विज्ञान केंद्र वेगळं, ते डॉ. ई. मोझेस मार्गावर, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं, नोव्हेंबर १९८५ मध्ये खुलं झालेलं. तिथे वस्तूंना हात लावून, फिरवून, ओढून पाहायचं असतं. लहान मुलं असतील तर दोन्ही एका दिवसात उरकू नयेत. घुमटाखाली दमलेलं मूल झोपून जातं.

घरी आल्यावर करायचं एक काम सांगतो. मंगळ मुंबईच्या दिव्यांतूनही दिसतो. २०२७ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत तो वक्री असेल, आणि १९ फेब्रुवारीच्या सुमाराला सूर्याच्या बरोबर समोर, मघा ताऱ्याजवळ. दर रविवारी रात्री साडेदहाला गच्चीत जा, पूर्वेला बघा, मघेपासून तो किती बोटं लांब आहे ते मोजा आणि वहीत एक ठिपका काढा. मागच्या खेपेचं पान माझ्याकडे आहे: डिसेंबर २०२४ मध्ये ठिपके पुष्याजवळ थबकतात आणि जानेवारीत मागे फिरून पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडे जातात. त्याच्या पुढचं पान मघेसाठी कोरं आहे.